पेटी आणि पोर

हास्यरसाला आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं रसांच्या पंक्तींत मानाचें पान वाढलें. परंतु आपल्या घरांतून त्याला माजघराच्या उंबऱ्याबाहेर येण्याची परवानगी फारशी मिळालेली दिसत नाहीं. ओटीवर वडील मनुष्य येऊन बसलें कीं हसणें आवरावयाचें, हा कित्येक घरांचा शिरस्ता. विनोदी खेळ पाहून आलेल्या मुलाला ‘काय होतें खेळांत?’ म्हणून विचारावें, तर ‘विशेष कांहीं नाहीं’ असें उत्तर मिळतें. आणि आंत भावंडांत गेल्यावर तोच मुलगा सगळा खेळ करून दाखवितो! वस्तुतः भरतमुनींनीं नाट्याच्या दहा प्रकारांत प्रहसनाची गणना केली आहे, आणि हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा भेद सांगून त्यांपैकीं पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांस, मधले दोन मध्यमांस व शेवटले दोन अधमांस नेमून दिले आहेत. आज ज्या फ्रेंच चित्रपटासंबंधानें लिहावयाचें योजिलें आहे, तो पाहतांना उत्तम प्रकृतीचा गृहस्थहि स्मितापासून निघून अतिहसितापर्यंत केव्हां जाऊन पोंचतो, तें त्याचें त्यालाच कळत नाहीं. मात्र हसून झाल्यावर जें मागें उरतें तें हसण्यासारखें नाहीं. आणि म्हणूनच ह्या सदरांत त्याला जागा द्यावी असें आम्हांस वाटलें.

चित्रपटाचें नांव ‘ऑस्कार’. अमेरिकेंतील सुप्रसिद्ध पारितोषिकाशीं ह्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. हें कथेंतील एका मोटार हांकणाऱ्याचें नांव आहे. मुळांत हें क्लोद मान्ये यांचें नाटक. तें १९५८ सालीं पॅरिसमध्यें रंगभूमीवर आलें. नाटकांतील बापाची भूमिका प्रथम पिएर माँदी या नटानें केली. पुढें ती लुई द फ्यूनेस या नटाकडे आली आणि १९६१ सालीं पॅरिसच्या रंगमंचावर त्यानें ती इतकी गाजविली कीं नाटक म्हणजे तोच, असें समीकरण होऊन बसलें. १९६७ सालीं एदुआर मोलिनारो या दिग्दर्शकानें त्याचा चित्रपट केला. तो फ्रान्समध्यें साठ लाखांहून अधिक प्रेक्षकांनीं चित्रगृहांत जाऊन पाहिला. पुढें १९९१ सालीं अमेरिकेंत त्याची नवी आवृत्ति निघाली. तींत कथा १९३१ सालच्या अमेरिकेंत नेऊन बापाला गुंडांचा म्होरक्या केलें आहे. परंतु मूळची गंमत ही कीं, तेथला बाप गुंड नसून चारचौघांत मान असलेला, नीटनेटका, कर भरणारा व पाहुण्यांचें आगतस्वागत करणारा सद्गृहस्थ आहे. गुंडानें लबाडी केली तर नवल काय? नवल घरंदाजानें केली तरच.

कथा एका घरांत आणि एका दिवसांत घडते. सकाळची वेळ, बेर्त्रां बार्न्ये नांवाचा धनाढ्य उद्योगपति अजून पुरता जागाहि झालेला नाहीं, तोंच त्याच्या कचेरींतील क्रिस्तियाँ नांवाचा तरुण दारांत हजर होतो. त्याला पगार वाढवून हवा आहे, आणि तोहि थोडाथोडका नव्हे! कारण विचारतां तो सांगतो कीं, एका श्रीमंताच्या मुलीला मागणी घालावयाची आहे, आणि तुटपुंज्या पगारावर ती कशी घालावी? मग हळूहळू उलगडा होतो कीं, तो श्रीमंत म्हणजे खुद्द बार्न्येच. बार्न्ये संतापतो. परंतु तरुण शांतपणें दुसरा उलगडा करितो : मालकांच्याच हिशेबांतून त्यानें मोठी रक्कम लांबविली आहे आणि तिचे दागिने केले आहेत! जांवई केलें तर द्रव्य घरांत, न केलें तर घराबाहेर. येथून पुढें बापाच्या मनांत एकच त्रैराशिक चालू होतें : मुलगी द्यावी आणि पेटी घ्यावी, कीं पेटी घ्यावी आणि मुलगीहि राखावी?

तिकडे मुलगी कोलेत. हिला बापाची संमति मिळावयाची नाहीं हें पक्कें ठाऊक असल्यामुळें ती बापाला खोटेंच सांगून मोकळी होते कीं, आपण आई होणार आहोंत. बाप समजतो, हा क्रिस्तियाँचा प्रताप. पण तिचें मन आहे घरच्या मोटारीवर असलेल्या ऑस्कारवर, आणि तो तर नोकरी सोडून निघून गेलेला. एवढ्यांत झाकलीन नांवाची एक मुलगी येते. क्रिस्तियाँ जिच्यावर प्रेम करितो ती ही. ती आपण बार्न्येची कन्या असल्याची थाप त्याला देऊन बसली होती! म्हणजे पाहा, तरुण ज्या मुलीसाठीं चोर झाला ती ह्या घरची नाहीं, आणि ह्या घरची जी आहे ती त्याला नको आहे. तेव्हां बार्न्ये मुलीसाठीं दुसरा वर शोधूं लागतो आणि दृष्टीस पडेल त्या पुरुषाकडे त्याच दृष्टीनें पाहतो. अंगमर्दन करावयास येणारा फिलिप, शरीरानें धिप्पाड आणि बुद्धीनें मंद, तोहि त्याच्या तावडींतून सुटत नाहीं. घरची मोलकरीण बेर्नादेत त्याच दिवशीं एका उमरावाशीं लग्न करण्यासाठीं नोकरी सोडून चालली आहे. तिचीहि एक बॅग आहे. तेव्हां एकीत दागिने, एकीत नोटा आणि एकीत मोलकरणीचे अंगांत घालावयाचे कपडे, अशा सारख्या दिसणाऱ्या तीन बॅगा घरांतून फिरूं लागतात. मोठ्या विजयानें बॅग उघडावी आणि आंत कपडे निघावेत, असें पुनःपुन्हां होतें. आणि प्रत्येक वेळीं प्रेक्षकाला तें आधीं ठाऊक असूनहि तो नव्यानें हसतो. हसण्याचें मर्म अनपेक्षितांतच असतें असें जे म्हणतात, त्यांनीं ह्या तीन बॅगा अवश्य पाहाव्यात.

लुई द फ्यूनेस याच्याविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. त्याचा जन्म १९१४ सालचा. आईबाप स्पेनमधून फ्रान्समध्यें आलेले. तारुण्यांत तो मद्यगृहांतून पियानो वाजवून पोट भरीत असे. लहानसहान भूमिकांत वर्षेंच्या वर्षें गेलीं आणि पन्नाशीच्या सुमारास, १९६४ सालच्या एका शिपायाच्या भूमिकेनें, त्याला खरी कीर्ति लाभली. १९८३ सालीं तो वारला. ठेंगणा बांधा, विरळ केस, आणि सबंध देहाची अशी तडफड, कीं दिव्याच्या ज्योतीवर वारा सुटला असावा. आपल्या शास्त्रांत क्रोध हा रौद्र रसाचा स्थायीभाव. पण ज्याच्यापुढें कोणी भीत नाहीं अशा माणसाचा क्रोध पाहणाऱ्याच्या मनांत हास्य उत्पन्न करितो, हें ह्या नटानें जेवढें ओळखलें तेवढें क्वचितच कोणी ओळखलें असेल. तो थोरांपुढें वांकतो आणि नोकरांवर ओरडतो. आणि एकाच वाक्यांत, समोरचें माणूस बदलतांच, त्याचा आवाज गोड होतो. ह्या चित्रपटांत संतापाच्या झटक्यांत तो आपलें नाक रबरासारखें लांब ओढल्याचा आणि त्या ताणलेल्या नाकावर सारंगीसारखें वाद्य वाजविल्याचा जो मूकाभिनय करितो, तो तर फ्रान्समध्यें लहान मुलांसहि पाठ आहे. बापाची भूमिका करणारा एवढा प्रबळ असतां तरुणाच्या भूमिकेंतील क्लोद रीश हा आवाज न चढवितां, मंद हसत, त्याच्या वादळाला पुरून उरतो, हें त्याचें कौशल्य वेगळेंच. पत्नीची भूमिका क्लोद जांसाक हिची. ती पुढेंहि अनेक चित्रपटांत ह्याच नटाची पत्नी झाली.

ज्यांनीं जुनें वाङ्मय वाचलें आहे त्यांना ह्या कथेची वंशावळ ओळखावयास वेळ लागणार नाहीं. मोलिएरचें ‘कृपण’ हें नाटक १६६८ सालीं पॅरिसमध्यें प्रथम झालें. त्यांतील आर्पागाँ या म्हाताऱ्या चिक्कूनें दहा हजार मोहरांची पेटी बागेंत पुरून ठेविली आहे. ती चोरीस जाते. त्याच्याच घरांत कारभारी होऊन राहिलेला तरुण वालेर, ज्याचें म्हाताऱ्याच्या मुलीवर प्रेम आहे, तो आपला अपराध कबूल करावयास येतो. म्हातारा समजतो, हा पेटीविषयीं बोलतो आहे. तरुण समजतो, म्हातारा मुलीविषयीं विचारतो आहे. ‘तिला हात लावलास काय?’ इत्यादि प्रश्नोत्तरें दोन्ही अर्थांनीं नीट जुळत जातात. ही युक्तीहि मोलिएरची स्वतःची नव्हे. त्याच्यापूर्वीं जवळजवळ १८०० वर्षांवर प्लाउटुस या रोमन नाटककाराच्या ‘मडकें’ या प्रहसनांत हाच प्रसंग सोन्यानें भरलेल्या मडक्यावरून घडला आहे. म्हणजे रोमच्या काळांत मडकें, चौदाव्या लुईच्या काळांत पेटी, आणि विमानाच्या काळांत हातांतली बॅग. बदललें तें फक्त भांडें. बाप मात्र तोच, आणि त्याचा घोटाळाहि तोच : आपलें धन कोणतें आणि आपली मुलगी कोणती, हें त्याला वेगळें करितां येत नाहीं. लुई द फ्यूनेसनें १९८० सालीं मोलिएरचें तें नाटकहि पडद्यावर आणून आर्पागाँची भूमिका स्वतः केली, ह्यांत आम्हांस योगायोग दिसत नाहीं. तो वीस वर्षें त्याच म्हाताऱ्याचा अभ्यास करीत होता.

आपल्या संस्कृत वाङ्मयांतहि फिरणारी पेटी आहे. मृच्छकटिकांतील वसंतसेनेचे अलंकार आठवावेत. ती ते चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेविते. शर्विलक नांवाचा ब्राह्मण भिंतीस भोंक पाडून ते चोरितो, आणि माप घ्यावयाला दोरी नाहीं म्हणून जानवें काढितो! त्याचाहि हेतु क्रिस्तियाँसारखाच. आपली प्रेयसी मदनिका हिला दास्यांतून सोडवावयाचें. परंतु येथें दोन कवींचे मार्ग वेगळे होतात. मदनिका हे अलंकार कोणाचे हें ओळखतांच शर्विलकाला ते परत करावयास लाविते. धूता आपल्या पतीच्या नांवाला बट्टा लागूं नये म्हणून स्वतःची रत्नमाला काढून देते. वसंतसेना ते दागिने एका मुलाच्या मातीच्या गाड्यांत घालते, कां कीं त्यानें सोन्याच्या गाडीसाठीं रडूं नये. तेच अलंकार पुढें न्यायसभेंत विदूषकाच्या कांखेंतून पडतात आणि निरपराध्याला सुळापर्यंत नेतात. तरी पण वाटेंत ते ज्या ज्या हातांत गेले त्या त्या हाताची थोरवी त्यांनीं उजेडांत आणिली. ‘ऑस्कार’मधील दागिने ज्या हातांत जातात त्या हाताची मूठ मात्र लगेच आवळते. शूद्रकानें दागिन्यांकडून माणसाची परीक्षा घेतली व माणूस उतरला. मान्ये यांनीं घेतली व माणूस बसला! दोन्ही परीक्षा खऱ्याच. आणि शिक्षकाच्या अनुभवानें सांगावयाचें तर दुसऱ्या निकालाचे विद्यार्थी संख्येनें अधिक.

असो. आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. ह्या घरांत सगळेच खोटें बोलतात, हें खरें. परंतु कां बोलतात? कोलेत खोटें बोलते, कारण खरें बोलून ऐकून घेणारा कोणी नाहीं. झाकलीन खोटें बोलते, कारण नांवापाठीमागें पैसा नसेल तर आपल्याला कोण विचारील, ही तिला धास्ती. क्रिस्तियाँ चोरी करितो, कारण दरिद्री माणसाचें प्रेम ह्या घरीं दाखल करून घेतलें जात नाहीं. प्रत्येकाच्या असत्याच्या मुळाशीं गेलें तर तेथें बार्न्येचा संताप आणि बार्न्येची तिजोरी, ह्यांपैकीं एक सांपडतें. आम्हीं आयुष्याचा मोठा भाग वर्गांत घालविला आहे आणि एवढें निश्चयानें सांगूं शकतों कीं, सर्वांत अधिक खोटें त्या वर्गांत बोललें जातें जेथें मास्तर सर्वांत अधिक रागीट असतो. तेथें मुलांच्या आज्या वर्षांतून चार चार वेळां वारतात! सत्य बोलण्याबद्दल ज्या घरीं दंड भरावा लागतो, तेथें असत्याचें चलन चालूं लागतें; आणि खोटें नाणें एकदां चालूं लागलें कीं खरें नाणें लोक दडवून ठेवितात.

आणि खुद्द बार्न्ये? त्याचेंहि एक दडविलेलें नाणें आहेच. शेवटीं बेर्नादेतच्या जागीं शार्लोत नांवाची नवी मोलकरीण कामावर येते आणि ती निघते त्याच्या तारुण्यांतील प्रेमपात्र! झाकलीन ही तिची आणि त्याचीच मुलगी. म्हणजे जी मुलगी ‘मी बार्न्येची कन्या’ अशी थाप मारीत होती, तिची थापच खरी निघाली. आणि दिवसभरांत ह्या घरांत जीं वाक्यें उच्चारलीं गेलीं, त्यांतील सर्वांत निखालस खोटें म्हणून धरलेलें वाक्य तेवढें सत्य ठरलें. मुलांच्या लबाड्यांनीं जो दिवसभर आकाशपाताळ एक करीत होता, त्याची स्वतःची लबाडी त्या मुलांच्या वयापेक्षांहि जुनी होती. प्रहसनकारानें ह्यावर प्रवचन केलेलें नाहीं. त्यानें फक्त दार उघडलें आणि त्या बाईला आंत येऊं दिलें.

चित्रपटाचा काळहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. तो १९६७ च्या शरदृतूंत लागला. त्या वेळीं फ्रान्समध्यें सज्ञानतेचें वय एकवीस होतें. तें अठरा झालें १९७४ सालीं. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवांचून नोकरी करण्याचा व बँकेंत स्वतःचें खातें उघडण्याचा अधिकार कायद्यानें मिळाला तो १९६५ सालीं, म्हणजे चित्रपटाच्या अवघीं दोन वर्षें आधीं. मुलांवरील बापाच्या एकट्याच्या सत्तेऐवजीं आईबापांचा संयुक्त अधिकार १९७० सालीं आला. आणि विवाहबाह्य संततीला इतर संततीच्या बरोबरीनें आणण्याचा मुख्य कायदा १९७२ चा. झाकलीनसारखीच्या पदरीं नुसतें नांव पडणें आणि हक्क पडणें ह्यांत किती अंतर होतें, तें ह्यावरून दिसेल. शिवाय चित्रपट लागल्यानंतर सातआठ महिन्यांतच, १९६८ च्या मे महिन्यांत, पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पाठोपाठ देशभर कामगारांनीं संप पुकारला. एका बाजूस मुलें, दुसऱ्या बाजूस नोकर. आणि बार्न्ये हा एकाच देहानें बाप आणि मालक! ह्या प्रहसनानें क्रांति केली असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पण ज्या बापाला साठ लाख लोक हसून आले, त्या बापाच्या खुर्चीचा एक पाय कुरतडला गेला होता, हें त्यांना हसतांना कुठें तरी ठाऊक असलेंच पाहिजे.

कोणी म्हणेल कीं, असला खेळ चार घरच्या मुलाबाळांसमवेत पाहावा कसा? मुलगी बापाला असें सांगते, बाप हास्यास्पद होतो, चोर जांवई होतो. ह्यांतून मुलांनीं घ्यावें काय? शंका योग्य आहे आणि तिची थट्टा करून चालावयाचें नाहीं. पण उत्तर आपल्याच रंगभूमीनें देऊन ठेविलें आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘संशयकल्लोळ’ आपल्याकडे आजे-नातवंडांनीं एका बाकावर बसून पाहिलें. त्याचें मूळ पाहूं गेल्यास तें मोलिएरच्या १६६० सालच्या एका प्रहसनांत सांपडतें. तेथून तें मर्फी या इंग्रजी लेखकाच्या १७६१ च्या नाटकांत आलें, आणि तेथून देवलांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव’ म्हणून तें मराठींत आणून पुढें १९१६ सालीं त्याला संगीताचा साज चढविला. एका तसबिरीवरून नवरा बायकोचा आणि बायको नवऱ्याचा संशय घेते, असा तो विषय. वरवर पाहतां किती अनुचित! पण तें पाहून कोणाची गृहस्थी मोडली असें ऐकिवांत नाहीं. उलट घरी येतांना ‘आज फाल्गुनराव कोण झालें होतें?’ असें हळूच विचारण्याची सोय मात्र कित्येक नवराबायकोंना झाली असेल. प्रहसनाचें काम एवढेंच. तें रोग लावीत नाहीं. रोगाला घरांत नांव मिळवून देतें.

‘ऑस्कार’ मुलांस दाखवावा कीं नाहीं, हा निर्णय आम्ही ज्या त्या घरावर सोंपवितों. अगदीं लहानांस त्यांतील गोम कळणार नाहीं आणि त्यांना तें नाक तेवढें पुरे. परंतु घरांतील कर्त्या पुरुषांनीं तो अवश्य पाहावा, अशी आमची शिफारस आहे. आपल्याकडे मुलीच्या लग्नाचें बोलणें निघालें कीं पगार, जागा, सोनें ह्यांचे आंकडे आधीं मांडले जातात आणि मुलीच्या मनाचा आंकडा, मांडलाच तर, सर्वांच्या शेवटीं. हें आपण प्रेमापोटीं करितों, हें खरें आहे. बार्न्येहि मुलीवर प्रेम करीत नाहीं असें नाहीं. पण प्रेम मोजण्याच्या मापानें पैसा मोजतां येत नाहीं, आणि पैसा मोजण्याच्या मापानें प्रेम मोजूं गेलें कीं दोन्हींचा हिशेब चुकतो.

एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. ज्याच्या नांवानें चित्रपट ओळखला जातो तो ऑस्कार चित्रपटभर जवळजवळ दिसतच नाहीं. ज्याच्यावर मुलीचें खरोखर मन आहे, त्याच्याविषयीं बापानें सबंध दिवसांत एकदांहि शांतपणें चौकशी केलेली नाहीं. तो दागिन्यांच्या बॅगेमागें धांवण्यांत गुंतला होता. घरांतील मुलगी आपल्याला काय सांगूं पाहते आहे, हें ऐकण्यासाठीं बॅग खालीं ठेवावी लागते. ती खालीं ठेवली तर कोणी उचलून नेईल ही धास्ती बाळगून धांवत राहणाऱ्या बापाला आर्पागाँच्या काळापासून सारें जग हसत आलें आहे. आपल्या घरीं हसणें ओटीपर्यंत येऊं द्यावें. म्हणजे मुलांना खरें बोलावयाची वाट तरी मोकळी राहील.